२०,००० मधून ७,००० किती वेळा जातात?

जुलैतली रात्र, साडेदहा वाजलेले. औशाजवळच्या गावातून भाचीचा फोन. "मामा, दुकानदारानं गंडवलं मला."

गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळून दोन दिवस झाले होते. वायरमन बघून गेला होता, "वरनं आली की बसवतो" म्हणाला होता. पोरगी नीटची तयारी करते आणि सगळी व्याख्यानं टॅबवर. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर तिनं साठवलेल्या पैशांतून पॉवर बँक घेतली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत २०,००० एमएएच. टॅबची बॅटरी ७,००० एमएएच. "वीस भागिले सात, म्हणजे जवळजवळ तीनदा भरायला पाहिजे ना? बंद पडलेला टॅब एकदा शंभरपर्यंत गेला. दुसऱ्यांदा सत्तरवर गेला आणि पॉवर बँकेचे चारही दिवे विझले. वर वेळ किती लागला विचारू नको."

तिचा भागाकार बरोबर होता आणि खोक्यावरचा आकडाही खरा होता. तरी उत्तर चुकलं, आणि हे तिच्या एकटीचं चुकत नाही. भारनियमन, प्रवास, परीक्षा अशा निमित्तानं टॅबसाठी पॉवर बँक घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं चुकतं. त्या रात्री तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर मांडतो.

एमएएच ही नुसती नाण्यांची संख्या

एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. बॅटरीतून एकूण किती विद्युतभार बाहेर येईल याचं हे माप. पण विद्युतभार म्हणजे ऊर्जा नव्हे, आणि सगळा घोळ इथंच आहे.

समजा तुमच्याकडे २०,००० नाणी आहेत. तुम्ही श्रीमंत आहात का? नाणं चार आण्याचं की दहा रुपयांचं हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. एमएएच ही नाण्यांची संख्या आणि व्होल्ट ही प्रत्येक नाण्याची किंमत. दोन्हींचा गुणाकार केला की रक्कम कळते. तिचं नाव वॅट-तास, इंग्रजीत लिहिताना डब्ल्यू आणि एच. महावितरणच्या बिलातलं एक युनिट म्हणजे असे १,००० वॅट-तास.

पॉवर बँकेच्या आत लिथियम-आयन सेल असतात. १९९१ मध्ये सोनीनं हे सेल पहिल्यांदा बाजारात आणले, आणि आज फोनपासून ई-रिक्षापर्यंत सगळीकडे त्यांचीच भावंडं आहेत. असा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर असतो, रिकामा होता होता ३ च्या आसपास येतो, सरासरी ३.७ धरतात. खोक्यावरचे २०,००० हे या ३.७ च्या नाण्यांत मोजलेले असतात. गुणाकार करून हजारानं भागलं की ७४ वॅट-तास येतात. टॅबची ७,००० एमएएचची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे २७ वॅट-तास.

७४ भागिले २७, पावणेतीन. "म्हणजे मी म्हणत होते तेच की!" भाची म्हणाली. इथवर खरंच तसंच. पण पुढं सराफाची पेढी लागते.

दोनदा कापला जाणारा बट्टा

पॉवर बँकेत ३.७ ची नाणी आहेत, आणि यूएसबीच्या भोकातून बाहेर पडताना द्यावी लागतात ५ ची, कधी ९ ची. म्हणून आतलं एक छोटं सर्किट सतत मोड करत बसतं: कमी व्होल्टची जास्त नाणी घेऊन जास्त व्होल्टची कमी नाणी देतं. हे काम फुकट होत नाही. प्रत्येक व्यवहारात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. चालू पॉवर बँक हाताला कोमट लागते, तो हा बट्टा.

दुसरा बट्टा टॅबच्या आत. बाहेरून आलेली ५ ची नाणी टॅब पुन्हा मोडून स्वतःच्या बॅटरीला सोसतील अशी करून घेतो. गंमत बघा, दोन्ही टोकांना जवळजवळ सारखीच नाणी, तरी मधल्या रस्त्यावर चलन वेगळं असल्यामुळं दोनदा मोड करावी लागते.

मी भाचीला म्हटलं, मोबाईलची विजेरी लाव आणि पॉवर बँकेच्या मागची बारीक अक्षरं वाच. राखाडी प्लॅस्टिकवर राखाडी शाई, तिला दोनदा नखानं पुसावं लागलं. तिथं 'रेटेड कपॅसिटी' लिहून पुढं १२,००० एमएएच आणि ५ व्होल्ट असं होतं. हा खरा कामाचा आकडा: मोड करून झाल्यावर हातात पडणारी ५ व्होल्टची नाणी. १२,००० गुणिले ५ म्हणजे ६० वॅट-तास. ७४ मधले १४ दारातच गेले.

उरलेल्या ६० मधून टॅबचा स्वतःचा बट्टा, दहा ते पंधरा टक्के. हातात राहिले सुमारे ५२. शिवाय चार्जिंग चालू असताना ही बाई जीवशास्त्राचं दीड तासाचं व्याख्यान बघत होती. टॅबचा पडदा, स्पीकर आणि इंटरनेट मिळून चार-एक वॅट खातात, त्यात सहा वॅट-तास संपले. राहिले ४६. भागिले २७, एक पूर्णांक सात. एकदा शंभर आणि एकदा सत्तर.

"शप्पथ?" ती म्हणाली. टक्क्याला टक्का जुळला हा थोडा योगायोग, एखाद-दुसरा वॅट-तास इकडे तिकडे होतोच. पण अंदाज बांधायला हीच रीत आहे, आणि आणखी झटपट हवं असेल तर खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचे सरळ साठ ते पासष्ट टक्के धरायचे.

मग ही फसवणूक नाही का?

कायद्याच्या भाषेत नाही. सेलची क्षमता २०,००० आहे हे खरं आहे, आणि बाहेर किती मिळेल तेही मागे छापलेलं आहे. पण एक आकडा लांबून दिसतो आणि दुसरा वाचायला विजेरी लागते, यातला हेतू काही फार गूढ नाही. माझं मत विचाराल तर वॅट-तास समोर आणि ठळक छापायला हवेत. तेल आपण पिंपाच्या उंचीवर विकत घेत नाही.

किती वेळा भरेल आणि किती वेळात भरेल, हे वेगळे प्रश्न

भाचीची दुसरी तक्रार वेळेची होती. टॅब शून्यापासून शंभरवर जायला सात तास. साठा वॅट-तासांत मोजतात, वेग वॅटमध्ये. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर (विजेच्या प्रवाहाचं माप). गल्ल्यात रक्कम किती आहे हा साठा, आणि काउंटरवरचा माणूस तासाला किती मोजून देतो हा वेग.

टॅबला हा वेग नेहमीच छळत आलेला आहे. यूएसबी १९९६ मध्ये आलं तेव्हा ते माऊस, कीबोर्ड, प्रिंटर जोडायला होतं. त्याच्या जुन्या भोकातून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळायचा, म्हणजे अडीच वॅट. माऊसला हे पुष्कळ झालं. टॅबला म्हणजे हत्तीला चमच्यानं भात. २७ वॅट-तासांची बॅटरी अडीच वॅटनं भरायला, बट्टा धरून, बारा तास लागतील, तेही पडदा बंद ठेवला तर. व्याख्यान चालू असेल तर तेच चार वॅट खातं, म्हणजे चार्जिंगला लावलेला असतानाही टक्के उतरत जातील.

२०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा लोकांना हेच भोवलं. त्याच्यासोबत १० वॅटचा चार्जर होता. पण सवयीनं तो कॉम्प्युटरला जोडला की कोपऱ्यात 'नॉट चार्जिंग' असं यायचं आणि लोक बिघडला म्हणून दुकानात न्यायचे. त्यानंतर पॉवर बँकांना दोन भोकं आली: एकाजवळ १ए आणि फोनचं चित्र, दुसऱ्याजवळ २.१ए आणि टॅबचं चित्र. जुन्या पॉवर बँका अजून कपाटांतून निघतात. टॅब १ए मध्ये खुपसला तर ५ वॅट मिळतात आणि व्याख्यान चालू असेल तर टक्के जिथल्या तिथं राहतात.

दोघांचं आपसात जमलं पाहिजे

मोठं भोक आहे, मोठी पॉवर बँक आहे, तरी टॅब हळू चार्ज होतो, असं का? कारण किती वीज घ्यायची हे टॅब ठरवतो, आणि समोरचा किती देऊ शकेल याची खात्री पटल्याशिवाय तो जास्त ओढत नाही.

जुन्या चौकोनी यूएसबीत ही खात्री खाणाखुणांवर चालायची. चार तारांपैकी दोन माहितीच्या. चार्जरच्या आत त्या एकमेकींना जोडलेल्या असल्या किंवा त्यांच्यावर ठरावीक व्होल्ट असले की टॅब समजायचा, हा माणूस दीड अँपिअर देईल, हा दोन देईल. अडचण अशी की प्रत्येक कंपनीची खूण निराळी. त्यामुळं एकच पॉवर बँक एका टॅबला दोन अँपिअर देई आणि शेजारच्या टॅबला अर्ध्यावर बोळवण करी.

टाइप-सी आलं आणि खाणाखुणांच्या जागी बोलणं आलं. या बोलण्याच्या पद्धतीला पॉवर डिलिव्हरी, थोडक्यात पीडी म्हणतात. आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. केबल लागली की पॉवर बँक आपला भाव सांगते: "५ व्होल्टला ३ अँपिअर, ९ व्होल्टला २ अँपिअर, १२ व्होल्टला दीड." टॅब म्हणतो, "९ चं द्या." पॉवर बँक म्हणते, "घ्या." मग व्होल्ट ५ वरून ९ वर चढतात. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत, केबलमधल्या एका वेगळ्या बारीक तारेवर होतं. आता वेग १८ वॅट, म्हणजे भाचीच्या टॅबला दोन तासांच्या आसपास.

काही कंपन्यांचं बोलणं मात्र त्यांच्या घरातच चालतं. साठ-सत्तर वॅटचं झटपट चार्जिंग मिरवणारे टॅब असतात, पण ते वॅट त्याच कंपनीच्या चार्जरबरोबर आणि केबलबरोबर मिळतात. परकी पॉवर बँक लावली की दोघं आपापली भाषा सोडून जे दोघांना येतं त्यावर येतात, आणि फारच जमलं नाही तर ५ व्होल्टवर. म्हणून पॉवर बँक घेताना 'फास्ट चार्जिंग' या शब्दांवर जाऊ नका. टॅबच्या मूळ चार्जरवर बारीक अक्षरांत काय आहे ते वाचा (व्ही, मग एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, मग ए) आणि तीच जोडी पॉवर बँकेच्या 'आउटपुट'समोर आहे का बघा.

६५ वॅटच्या पॉवर बँकेनं टॅब जळेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. जळणार नाही. गावाच्या टाकीत लाखभर लिटर पाणी असलं म्हणून तुमची कळशी फुटत नाही, तोटी तुम्ही उघडाल तेवढंच येतं. अँपिअर टॅब ओढतो, पॉवर बँक ढकलत नाही. जास्त व्होल्टची भीती म्हणाल तर पीडीत सुरुवात नेहमी ५ व्होल्टपासून होते आणि टॅबनं मागितल्याशिवाय ते चढत नाहीत. धोका आहे तो रस्त्यावरच्या ढिगातल्या, ना मार्क ना नाव असलेल्या मालाचा, जिथं हे नियम पाळणारी चिपच नसते.

केबल: शंभर रुपयांची वस्तू, अर्धा वेळ खाणारी

पुण्यात तपकीर गल्लीत यूएसबीचा छोटा मीटर मिळतो. काड्यापेटीएवढा, एका टोकाला पिन, दुसऱ्याला भोक, मध्ये पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर. मी एक घेऊन ठेवलाय आणि घरी कोणी 'चार्जर बिघडला' म्हणालं की आधी तो काढतो. दहापैकी सात वेळा केबल निघते.

भाचीनंही टॅबला जुन्या फोनची दोन मीटरची बारीक केबल लावली होती, पलंगावर पडून अभ्यास करता यावा म्हणून. तसलीच एक माझ्याकडे होती, ती टॅबला लावून मीटर टॅबकडच्या टोकाला घातला. ४.४ व्होल्ट, ०.८ अँपिअर. साडेतीन वॅट. पॉवर बँक बाहेर ५ व्होल्ट देत होती, पण वाटेत अर्ध्या व्होल्टहून जास्त तारेतच सांडत होता. टॅबला व्होल्ट पडताना दिसले की तो घाबरून आणखी कमी ओढतो. तीच पॉवर बँक, तेच भोक, फक्त अर्ध्या मीटरची जाड केबल लावली: ४.९ व्होल्ट, १.९ अँपिअर. नऊ वॅटच्या वर.

कारण साधं आहे. तार जितकी बारीक आणि लांब, तितका तिचा विरोध जास्त. शेतात मोटारीपासून लांब, अरुंद पाइप टाकला की टोकाला धार पडत नाही, तसंच. आणि ९ व्होल्टवर हा त्रास कमी का होतो तेही यातून कळतं: तेवढेच वॅट पोचवायला अँपिअर कमी लागतात, म्हणून सांडतं कमी.

तेव्हा टॅबसाठी केबल आखूड आणि जाड घ्या, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असेल तर पीडीचं बोलणं होतच नाही, कारण ती वेगळी तार त्या बाजूला नसतेच. सगळ्या टाइप-सी ते टाइप-सी केबल किमान ३ अँपिअर नेतात, टॅबला तेवढं पुष्कळ. ५ अँपिअरची महाग केबल लॅपटॉपवाल्यांसाठी.

शेवटच्या वीस टक्क्यांसाठी थांबू नका

रिकाम्या एसटीत पहिली चाळीस माणसं पटापट चढून बसतात. उरलेल्या दहांना 'जरा सरका हो' करत करत आत जावं लागतं आणि कंडक्टरला बेल द्यायला उशीर होतो. लिथियम बॅटरीचं असंच आहे. साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत ती पूर्ण वेगानं घेते, मग टॅब प्रवाह कमी कमी करत जातो, कारण ठरावीक व्होल्टच्या वर सेल गेलेला चालत नाही. पॉवर बँकेला मात्र तेवढा सगळा वेळ स्वतःचं सर्किट चालू ठेवायला लागतं. वीज नसताना टॅब वीस ते ऐंशीमध्ये खेळवणं जास्त फायद्याचं. व्याख्यान आधी डाउनलोड करून, पडद्याचा उजेड निम्मा करून बघितलं तर आणखी बरं.

उलटी गंगा

टाइप-सीचा एक गमतीदार दोष. वीज दोन्ही दिशांनी जाऊ शकते. पॉवर बँकेचं ते भोक घेणारंही आहे आणि देणारंही, टॅबचंही तसंच. क्वचित दोघांचा हिशेब चुकतो आणि टॅबच पॉवर बँकेला चार्ज करू लागतो. तासाभरानं बघावं तर टॅब चाळीसवरून तिसावर. असं झालं तर केबल काढून पॉवर बँकेचं बटण दाबा आणि पुन्हा लावा. अँड्रॉइड टॅबवर यूएसबीची सूचना खाली ओढून चार्जिंगची दिशाही बदलता येते. टॅबच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह आलंय ना, एवढं बघूनच पाठ फिरवायची.

आणि पॉवर बँक कशी भरायची?

हे कोणी विचारतच नाही, आणि भाचीच्या बाबतीत खरी मेख इथं होती. त्यांची डीपी जळालेली, पण पिठाची गिरणी पलीकडच्या डीपीवर. म्हणून ती दुपारी पॉवर बँक गिरणीत लावून यायची, चार तासांनी आणायची. चारपैकी एकच दिवा पेटलेला.

चार्जर कुठला होता? आजीच्या बटणांच्या फोनचा. ५ वॅट. चार तासांत २० वॅट-तास, बट्टा जाऊन सतरा. ७४ चा पाव हिस्सासुद्धा नाही, मग एकच दिवा पेटणार. तिच्या पॉवर बँकेवर 'इनपुट' समोर ९ व्होल्ट २ अँपिअर असं छापलेलं होतं, म्हणजे ती १८ वॅटनं भरून घ्यायला तयार होती, देणारा मिळत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं दादाच्या फोनचा पीडी चार्जर नेला. चार तासांत तीन दिवे पक्के आणि चौथा मिचमिचत होता.

जिथं वीज दिवसातून थोडेच तास असते तिथं पॉवर बँक घेताना आउटपुटइतकंच इनपुट बघा. मोठी टाकी बांधून वर अर्धा इंची नळ सोडल्यासारखं होऊ नये. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनी मात्र टॅब सरळ भिंतीतल्या चार्जरलाच लावावा. अठराएक वॅटचा भार इन्व्हर्टरला जाणवतही नाही.

खरी की खोटी, किराण्याच्या काट्यावर

बाजारात ५०,००० एमएएच लिहिलेल्या, खिशात मावणाऱ्या पॉवर बँका सर्रास दिसतात. पावती, स्टिकर, पाच तारे, सगळं असतं. त्या ओळखायला मीटर लागत नाही, वजनकाटा पुरतो. आज सर्रास वापरले जाणारे चांगले लिथियम सेल एका किलोत दोनशे ते अडीचशे वॅट-तास साठवतात. ७४ वॅट-तासांसाठी नुसते सेलच तीनशे ग्रॅमच्या घरात जातात, वर प्लॅस्टिक आणि सर्किट. म्हणून खरी २०,००० ची पॉवर बँक साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम भरते. पाव किलोच्या आत भरली तर आकडा फुगवलेला आहे असं समजा. ५०,००० वाली पाऊण किलोच्या पुढंच जायला हवी. मी एकदा शेजारच्या दुकानात, शेंगदाण्यांच्या पाठोपाठ, अशी एक काट्यावर ठेवली होती. दुकानदार म्हणाला, "ही काय भावानं देताय?"

दुसरी खूण बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची. आपल्याकडे पॉवर बँकेला नोंदणी सक्तीची आहे, तिच्यावर मानक चिन्ह आणि 'आर' पासून सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपमध्ये घालून कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं.

उशीखाली नको

लिथियम सेलला उष्णता सोसत नाही. चार्ज होताना ४५ अंशांच्या वर गेलेला त्याला चालत नाही, आणि मे महिन्यात मराठवाड्यात पत्र्याखाली किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं सहज होतं. टॅब शहाणा असतो, गरम झाला की चार्जिंग स्वतः थांबवतो. स्वस्त पॉवर बँक तेवढी शहाणी असेलच असं नाही. पांघरुणात, गादीवर, उशीखाली दोन्ही एकमेकांवर ठेवून चार्ज करू नका, फरशीवर वेगवेगळे ठेवा. टॅबचं जाड कव्हर काढलेलं बरं.

पॉवर बँक फुगली, टेबलावर ठेवल्यावर डुगडुगू लागली, की तिचं काम संपलं. आत वायू झालेला असतो. दाबून बसवू नका, टाचणी लावू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. घंटागाडीतही टाकू नका, कारण कचरा दाबणाऱ्या गाडीत तिचं काय होईल सांगता येत नाही. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

विमानांचे नियम कडक झाले तेही याच भीतीपोटी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभं असलेलं प्रवासी विमान जळालं आणि तपासात पॉवर बँकेवर बोट ठेवलं गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते अजून जमिनीवरच असताना, एका प्रवाशाच्या पॉवर बँकेनं पेट घेतला. त्यानंतर आपल्याकडे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएनं प्रवासात पॉवर बँकेवर उपकरणं चार्ज करू नयेत आणि ती डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नये अशा सूचना काढल्या. चेक-इनच्या बॅगेत ती आधीपासूनच चालत नाही, हातातल्या सामानातच न्यायची. मर्यादा १०० वॅट-तासांची, त्यापुढं १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. ३.७ नं भागलं की १०० वॅट-तास म्हणजे २७,००० एमएएच. बघा, इथं एमएएचला कोणी विचारत नाही, विमानतळावर हिशेब वॅट-तासांतच होतो. टॅब घेऊन निघालात तर घरूनच शंभर टक्के भरून निघा.

"तुझी ७४ आहे, चालेल विमानात," मी भाचीला म्हटलं.

"मला कुठं विमानात जायचंय मामा? डीपी बसेपर्यंत पुरली म्हणजे झालं. टॅब अठ्ठावीसवर आलाय, ठेवते आता."

डीपी चौथ्या दिवशी संध्याकाळी बसली. तोवर गिरणीतल्या त्या प्लगवर आणखी दोघांच्या पॉवर बँका रांगेत लागल्या होत्या, आणि कुणाला किती वॅटचा चार्जर लावायचा हे ती ठरवत होती.